‘मेरी सडक’वर खड्ड्याची तक्रार : ती परत का येते आणि आधी काय पाहायचं

गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीत जुलैचा पाऊस झाला की वाडीवस्तीचे रस्ते उखडतात. गावातलं एखादं पोरगं मोबाईलवरून ‘मेरी सडक’ या रस्त्यांच्या तक्रारीसाठीच्या सरकारी ॲपवर तक्रार टाकतं आणि उत्तर येतं, ‘सदर रस्ता या योजनेतील नाही.’ पुन्हा कोणी त्या वाटेला जात नाही. असे हिरमुसलेले चेहरे फार पाहिले, म्हणून हे लिहितोय.

तक्रार कुणालाही करता येते. सातबारा, रहिवासी दाखला, सरपंचांचं पत्र यातलं काही लागत नाही. नाव, मोबाईल नंबर, ई-मेल, गावाचं नाव आणि फोटो पुरतो.

अडतं ते रस्ता कुणाचा यावर. ‘मेरी सडक’चा खरा उपयोग प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना. मुख्यमंत्री ग्रामसडक योजना वेगळी, ती राज्याची. नावं इतकी सारखी की निम्मी गल्लत इथेच होते. म्हणून आधी रस्त्याच्या सुरुवातीचा फलक वाचा. योजना, रस्त्याचं नाव, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख त्यावर असायला हवी. फलक पडला असेल, झाडीत गेला असेल, तर ग्रामपंचायतीत विचारा. आधीच्या खेपेला पाटी लावलेली आठवणारं माणूस गावात असतंच.

राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, शहरातले रस्ते बहुतेक महापालिकेकडे. पुणे-बेंगळुरू महामार्गासाठी 1033 ही हेल्पलाइन.

तारखेकडे नीट बघा. प्रधानमंत्री योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षं देखभालीची जबाबदारी असते. ही वर्षं काम पूर्ण झाल्यापासून मोजतात, नारळ फोडल्यापासून नाही. देखभालीची बिलं आता ‘ई-मार्ग’ या वेब प्रणालीवर चढतात. अभियंत्याने जागेवर जाऊन, ठिकाणाची नोंद असलेले फोटो टाकून पाहणी करायची आणि रस्त्याच्या अवस्थेनुसार पैसे द्यायचे, अशी ती रचना आहे. पूर्वी सगळं मोजमाप वहीत असायचं आणि वही कचेरीतल्या कपाटात. आता तुमच्या तक्रारीची तारीख त्या पाहणीच्या तारखेशेजारी ठेवता येते. पाच वर्षांच्या आतला रस्ता असेल तर तक्रार आजच टाका, पावसाळा संपायची वाट बघू नका.

फोटो खड्ड्याजवळ उभं राहून, लोकेशन चालू ठेवून काढा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालवू नका, त्यातली ठिकाणाची माहिती गळून पडते. दरीत रेंज नसली तरी जीपीएस चालतं. एक फोटो खड्ड्याचा, एक फलक किंवा किलोमीटरचा दगड दिसेल असा.

सात दिवसांत खड्डा बुजेल असं धरून लोक आठव्या दिवशी आशा सोडतात. सात दिवस पहिल्या उत्तराचे, अंतिम उत्तराला साठ. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा, मोबाईल बदलला की मेसेज जातात. ‘काम पूर्ण’ असं उत्तर आलं आणि खड्डा तसाच असेल, तर त्याच दिवशी, त्याच जागी पुन्हा फोटो काढा. इतका ढळढळीत खोटेपणा लोकांनी मुकाट गिळावा, याचा मला राग येतो.

मग माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर करा. शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. रस्त्याचं नाव देऊन पाहणीचे फोटो, तारखा आणि दिलेल्या देखभाल बिलांच्या प्रती मागा. ‘रस्ता का खराब आहे’ असं विचारू नका, खुलासा मागितला म्हणून अर्ज निकाली निघतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.