वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधील पात्रनिहाय इंटरफेस प्रोफाइल

ब्लिझर्ड एंटरटेनमेंटच्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या ऑनलाइन खेळात एका खात्यावर अनेक पात्रे ठेवता येतात. मुख्य पात्राला खेळाडू 'मेन' म्हणतात, इतरांना 'ऑल्ट'. प्रत्येक पात्रासाठी पडद्यावरची बटणे, फ्रेम, शॉर्टकट आणि ॲडऑन (खेळाला जोडायचे, इतरांनी लिहिलेले छोटे प्रोग्राम) यांची मांडणी वेगळी ठेवावी लागते, कारण भूमिका बदलली की नजरही वेगळीकडे लागते. हीलरला, म्हणजे सहकाऱ्यांना बरे करणाऱ्या पात्राला, त्यांचे हेल्थ बार सतत समोर हवेत. शत्रूचे वार अंगावर घेणाऱ्या टँकला शत्रूच्या डोक्यावरच्या नेमप्लेट (नावाच्या पट्ट्या) महत्त्वाच्या.

ॲडऑनचा कोड प्रामुख्याने लुआ भाषेत लिहिलेला असतो व तो 'इंटरफेस' फोल्डरमध्ये राहतो. खेळाडूने केलेली सेटिंग 'डब्ल्यूटीएफ' या दुसऱ्या फोल्डरमध्ये साठतात. तिथे आधी खात्याचा फोल्डर, त्यात रेल्मचा (पात्र ज्या सर्व्हरवर आहे त्याचा) आणि त्यात पात्राचा, अशी उतरंड असते. कोणती माहिती खात्याला सामाईक आणि कोणती पात्रापुरती, हे ॲडऑनचा लेखक ठरवतो. कोणत्या पात्रासाठी कोणते ॲडऑन चालू ठेवायचे, हे मात्र खेळाडू पात्रनिवडीच्या पडद्यावरूनच ठरवू शकतो. बाजारहाट आणि मालसाठ्यासाठी ठेवलेल्या ऑल्टवर रेडचे (मोठ्या गटाने करायच्या लढायांचे) जड ॲडऑन बंद ठेवणे केव्हाही चांगले.

ॲडऑनच्या सेटिंगच्या फाइली खेळ चालू असताना लिहिल्या जात नाहीत. लॉगिन करताना त्या वाचल्या जातात आणि लॉगआउट किंवा रीलोड (खेळ बंद न करता इंटरफेस पुन्हा लोड) केल्यावरच पुन्हा लिहिल्या जातात. म्हणून खेळ मध्येच क्रॅश झाला तर तासभर जुळवलेली मांडणी हातची जाते. मोठा बदल केला की लगेच रीलोड करावे, आणि फाइलींची नक्कल खेळ पूर्ण बंद करूनच घ्यावी. चालू खेळात बदललेल्या फाइलीवर जुनी माहिती परत लिहिली जाते.

बटणांचे बार मांडणाऱ्या बारटेंडरसारखे अनेक लोकप्रिय ॲडऑन एस-३ (Ace3) या तयार कोडच्या संचावर आधारलेले आहेत आणि त्यांच्या सेटिंगमध्ये 'प्रोफाइल' हे पान असते. या पानावरचे दोन पर्याय नवख्यांना सारखेच वाटतात, पण परिणाम फार वेगळा होतो. प्रोफाइल म्हणजे जतन केलेल्या सेटिंगचा संच. यादीतून दुसऱ्या पात्राचे प्रोफाइल निवडले तर दोन्ही पात्रे एकच मांडणी वापरू लागतात. ऑल्टवर बार हलवला की मेनवरही हलतो. 'कॉपी' केले तर तेवढ्या घडीची नक्कल चालू प्रोफाइलमध्ये येते आणि पुढचे बदल वेगळे राहतात. दहा ऑल्टना दहा प्रोफाइल देण्यापेक्षा टँक, हीलर आणि डॅमेज (शत्रूवर हल्ला करणारे) अशी भूमिकेनुसार तीन सामाईक प्रोफाइल ठेवणे शहाणपणाचे: एक दुरुस्ती केली की ती सगळीकडे पोहोचते. एकच पात्र दोन भूमिका करत असेल, तर काही ॲडऑन स्पेशलायझेशन (पात्राने निवडलेले कौशल्य, ज्यावरून भूमिका ठरते) बदलताच प्रोफाइलही आपोआप बदलतात.

प्रोफाइलमध्ये सगळे येत नाही. बारची जागा आणि आकार येतो, पण कोणत्या बटणावर कोणता स्पेल (पात्राची जादू किंवा क्षमता) आहे ही माहिती पात्रागणिक सर्व्हरवर असते, त्यामुळे नव्या ऑल्टवर स्पेल हाताने लावावे लागतात. मॅक्रो (एका बटणावर बसवलेल्या आज्ञा) आणि शॉर्टकटही सर्व्हरवर जपले जातात. दोन्हींत 'सामाईक' आणि 'या पात्रापुरते' असा पर्याय मिळतो. नव्या संगणकावर ते आपसूक येतात. ॲडऑनची सेटिंग मात्र 'डब्ल्यूटीएफ' फोल्डर सोबत नेल्याशिवाय येत नाहीत.

२०२२ मध्ये 'ड्रॅगनफ्लाइट' या विस्ताराबरोबर खेळातच 'एडिट मोड' (पडद्याची मांडणी बदलण्याची सोय) आला. त्यात खातेभराची आणि पात्रापुरती, अशा दोन्ही प्रकारची मांडणी जतन करता येते आणि ती मजकुराच्या एका लांब ओळीत बाहेर काढून दुसऱ्याला देता येते. ज्यांना थोडेच बदल हवेत, त्यांची यामुळे बार हलवण्याच्या ॲडऑनमधून सुटका झाली.

पात्राचे नाव किंवा रेल्म बदलला की सेटिंग नाहीशी झाल्यासारखी वाटतात. एस-३ पद्धतीत पात्र 'नाव आणि रेल्म' या जोडीने ओळखले जाते. जोडी बदलताच ॲडऑनला ते नवे पात्र वाटते आणि तो मूळ प्रोफाइल लावतो. जुने प्रोफाइल यादीत तसेच असते, ते निवडले की मांडणी परत येते.