उभं राहताना रक्त कुठे जातं?

घरातलं वयस्कर माणूस रात्री बाथरूमला जाताना पडलं की कारणं ठरलेली असतात: फरशी ओली होती, सपाता घसरल्या, नाहीतर पित्त झालं असेल. फरशीचा दोष पुष्कळदा असतोही. पण कधीकधी पडायची सुरुवात पलंगावरच, उठतानाच झालेली असते.

उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे कमी रक्त परततं, म्हणून पुढे कमी ढकललं जातं आणि रक्तदाब घसरतो. शिवाय मेंदू आता हृदयाच्या फूटभर वर गेलेला. एवढं वर चढण्यातच पाऱ्याचा 20 मिमीहून जास्त दाब खर्ची पडतो. गच्चीतल्या टाकीच्या लगतच्या मजल्यावर नळाची धार बारीक असते, तसंच हे.

तरुणपणी यातलं काहीच जाणवत नाही, आणि त्यामागची यंत्रणा फार सुरेख आहे. जबड्याच्या कोनाखाली कॅरोटिड धमनीला दोन फाटे फुटतात. तिथे धमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात; महाधमनीच्या कमानीतही असतात. दाब भरपूर असेल तर भिंत ताणलेली राहते आणि तंतू मेंदूकडे सतत संदेश धाडतात. दाब उतरला की संदेश विरळ होतात. म्हणजे धोक्याची घंटा वाजत नाही, वाजणारी घंटा मंदावते, आणि मेंदू त्यावरूनच ओळखतो. सेकंद-दोन सेकंदांत ठोके वाढतात. रक्तवाहिन्या आवळायला आणखी काही सेकंद लागतात.

वय वाढतं तशी धमनी ताठरते. ताठर भिंत दाब बदलला तरी फारशी ताणत नाही, सैलावत नाही, म्हणून बातमीच अर्धवट पोचते. जुना मधुमेह असेल तर तंतूच खराब झालेले असू शकतात. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या रक्तवाहिन्यांना मिळणारा ‘आवळा’ हा हुकूम अडवू शकतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी काढतात, आणि उतारवयात तहानही कमी लागते. त्यात दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, म्हणजे रात्री उठणं आलंच.

घरच्या यंत्रावर हे पाहता येतं. सकाळी, सोबतीला कुणीतरी घेऊन, पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजायचा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना दाखवावं. गरगरलं तर मोजणं सोडून बसावं. चूक हमखास होते ती हाताची. उभं असताना हात खाली लोंबता ठेवला की आकडा खोटाच जास्त येतो आणि खरी घसरण झाकली जाते. दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीवर हवा, म्हणून हात टेकवायला उंच काहीतरी घ्यावं. नाडीही लिहावी: वरचा आकडा 30 ने उतरला आणि ठोके 15 नेही वाढले नाहीत, तर मज्जातंतूंवर संशय जातो. ठोके मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर हा हिशेब लागू नाही. काहींचा दाब पहिल्या 15 सेकंदांतच कोसळून सावरतो. पट्टा फुगेपर्यंत ते निसटून जातं. आकडे चांगले असूनही उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तेही सांगावं.

गोळी मात्र परस्पर बंद करू नये. उभं राहिल्यावर ज्यांचा दाब पडतो, त्यांतल्या काहींचा आडवं असताना चढलेला असतो. रक्तदाबावर म्हणून विकलं जाणारं चुंबकाचं कडं यातलं काहीच सांभाळत नाही, त्यापेक्षा पोटऱ्या कामाच्या. उठण्याआधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसावं, पावलं वीसेक वेळा वरखाली करावीत, मुठी आवळाव्यात: शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. मग आधार धरून उभं राहावं, काही क्षण थांबून चालू लागावं. पुरुषांनीही रात्री लघवी बसूनच करावी. कमोडशेजारी दांडा हवा, पण टॉवेल अडकवायचा नव्हे. माणसाचं वजन पडलं की तो भिंतीतल्या प्लगसकट हातात येतो. व्हॅक्यूमने चिकटणाराही नको. टाइलच्या मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये स्क्रूने पक्का बसवलेला, आणि बसवल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने दोन्ही हातांनी ओढून पाहिलेला.