लोकांचं ऐकणारा पुढारी आणि लोकांच्या मागे धावणारा पुढारी

लांबून पाहिलं तर दोघं सारखेच दिसतात. दोघंही गावोगाव फिरतात, लग्नाला नि मयताला हजर असतात आणि भाषणात "जनतेचा कौल शिरसावंद्य" म्हणतात. फरक कळतो तो लोकांना न आवडणारी गोष्ट सांगायची वेळ आल्यावर. ऐकणारा लोकांचं म्हणणं समजून घेतो, मग स्वतः विचार करून ठरवतो आणि ठरवलेलं त्यांच्या तोंडावर सांगतो. धावणारा आधी गर्दीचा कल बघतो, मग आपलं मत बनवतो.

आपल्याकडे याचं सर्वांत गुंतागुंतीचं उदाहरण यशवंतराव चव्हाणांचं आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनं सातारा-सांगली पेटलेली असताना त्यांनी नेहरूंची बाजू घेतली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी-गुजराती अशा द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. लोकांनी १९५७ च्या निवडणुकीत उत्तर दिलं. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले आणि खुद्द यशवंतराव कराडात थोडक्यात वाचले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीनं जोरदार निदर्शनं केली.

एवढ्यावरून अनेक जण यशवंतरावांना धैर्यवान म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. लोकमताच्या विरुद्ध उभं राहिलं की धैर्य, असा सरळ हिशेब नसतो. त्या वेळी दिल्लीची मर्जी त्यांच्या बाजूला होती, आणि श्रेष्ठींच्या कलानं चालणं हेही मागे धावणंच आहे, फक्त गर्दी वेगळी. उलट चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळावी या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. ते लोकांच्या बाजूनं उभे होते, तरीही ते धैर्यच होतं, कारण किंमत त्यांनी स्वतः मोजली.

यशवंतरावांचं खरं मोठेपण मला पुढच्या काळात दिसतं. त्यांनी कराड सोडलं नाही, चिडलेल्या मतदारांपुढेच उभे राहिले. निकालाचा अर्थ ओळखला आणि ज्या दिल्लीच्या बळावर पद मिळालं होतं, तिलाच द्विभाषिक टिकणार नाही हे पटवून देण्यात वाटा उचलला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. वरच्यांना नको असलेलं सांगणं हे खालच्यांना नको असलेलं सांगण्याइतकंच अवघड असतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट त्यामानानं सरळ आहे. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं वसतिगृह त्यांनी चालवायला घेतलं. त्या काळच्या गावाचं मत विचारलं असतं तर ते उभंच राहिलं नसतं. म्हणून त्यांनी लोकांना टाळलं का? मुळीच नाही. त्याच रयतेकडून धान्य आणि वर्गणी मागत ते गावोगाव फिरले. विरोध पत्करणं आणि लोकांना तुच्छ लेखणं यांत गल्लत करणाऱ्या हट्टी पुढाऱ्यांनी हे नीट पाहावं.

आज हा फरक पाहायचा असेल तर पाण्याकडे बघा. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचं पाणी उचलून आटपाडी, कवठेमहांकाळ, जतसारख्या दुष्काळी भागाकडे नेतात. ते चढावर पंपानं जातं, त्यामुळे वीजबिल प्रचंड येतं. थकबाकीमुळे पंप बंद पडल्याचं इथल्या शेतकऱ्यानं अनुभवलंय. अशा वेळी "पाणीपट्टी माफ करू" म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात. कृष्णाकाठी जास्त पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्यात, हे उसाच्या सभेत बोलायला तर फार कमी जण धजतात. मी धजणाऱ्याच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर: जतच्या लहान शेतकऱ्याला दर का परवडत नाही, हे त्यानं आधी बसून ऐकलेलं असावं आणि वसुलीची सुरुवात स्वतःच्या, आपल्या कार्यकर्त्यांच्या शेतापासून केलेली असावी.