काळजीवाहकांचा परस्पर आधार (गोवा)

काळजीवाहकांचा परस्पर आधार : घरातील दीर्घ आजारी, अंथरुणाला खिळलेल्या, विस्मरणग्रस्त किंवा मानसिक आजार असलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांनी एकमेकांना वेळ, श्रम, वस्तू, माहिती आणि धीर देण्याची रोजच्या व्यवहारातली रीत. तिला संस्था, सभासदत्व, वर्गणी यांतले काही लागत नाही. पुण्या-ठाण्याकडच्या स्वमदत गटांत शुश्रूषा करणाऱ्याला ‘शुभंकर’ आणि आजारी माणसाला ‘शुभार्थी’ म्हणण्याचा प्रघात आहे. गोव्यातल्या मराठी घरांत हे शब्द क्वचितच कानी पडतात. इथे ‘पेशंटजवळ कोण असते?’ असे विचारतात आणि उत्तरात नाते येते : सून, आई, धाकटी बहीण, बायको. मदतीलाही वेगळे नाव नाही. ‘तुम्ही जेवून या, मी बसते घडीभर’ एवढेच वाक्य असते. या सगळ्या देवघेवीत सर्वांत मोलाची गोष्ट कोणती म्हणाल, तर ती घडीभराची मोकळीक.

गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास होती. तीत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११.२ टक्के होते. देशाचे तेव्हा ८.६ टक्के. म्हातारपणाचे आजार इथे लवकर वाढले आणि हाताशी राहणारी माणसे तोवर पांगली होती. कोणी तारवटी म्हणून महिनोन्‌महिने बोटीवर, कोणी आखातात, कोणी पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडात. सत्तरी-पेडण्याची मुले गोव्यातच असली तरी पणजी-वेर्ण्याच्या नोकरीसाठी पहाटे घर सोडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मागे घरात उरते ती एक बाई आणि एक खाट. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्या कामाला दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे देतात आणि पुरुष ७६, असे दिसले. हे आकडे देशभराचे आहेत आणि त्यांत मुलांचे संगोपनही धरलेले आहे. पक्षाघाताचा रुग्ण असलेल्या घरात हा हिशेब मिनिटांत मावत नाही.

पोर्तुगीज अमदानीत शहरांत सांता काझा द मिझेरिकॉर्दियासारखे बंधुसंघ रुग्णालये चालवीत आणि अनाथांची व्यवस्था पाहत. १८४२ मध्ये पणजीला वैद्यकशाळा निघाली; तिचाच वारसा पुढे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘गोमेकॉ’कडे आला. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेल्या मुलखातल्या, फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत मात्र आजारपण बहुतांशी वाड्याने, म्हणजे गावातल्या त्या-त्या वस्तीनेच निभावले. कोकणपट्टीत शेतीच्या कामाला सावड असते, आज तुझ्या शेतात तर उद्या माझ्या. आजाऱ्याजवळ बसण्याच्या पाळ्या याच समजुतीवर चालत आल्या आहेत, फक्त परतफेडीची तारीख इथे कोणी धरत नाही.

वाड्यातला आधार बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येणार नाही इतका साधा असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. एकटीने जड माणूस वळवायचा म्हणजे स्वतःची कंबर गमवायची. म्हणून जुने सुती पातळ चौघडी करून रुग्णाच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत घालतात. दोघी दोन बाजूंनी त्याचे काठ मुठीत गुंडाळतात, ‘एक, दोन’ म्हणत उचलतात आणि मग सरकवतात. ओढत नाहीत, कारण ओढले की कातडी सोलवटते. शेजारीण सकाळी पेजेच्या वेळी आणि संध्याकाळी दिवा लावायच्या आधी केवळ या दोन मिनिटांसाठी येते. येताना कधी वाटीभर आटवल (मऊ खिचडी) आणते, कधी रिकाम्या हाताने येते. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला कोणत्या घरचे दार आज उघडले नाही ते सगळ्यांच्या आधी कळते आणि तो पुढच्या घरी सांगतो. चवथीला आजाऱ्याच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायला वाड्यातली पोरे जातात. फळे, कांगलांसारखी रानफळे, नारळाचा घड आणण्यापासून ती टांगण्यापर्यंत सगळे तेच करतात. घरची बाई खाटेपासून हलू शकत नाही हे कोणाला सांगावे लागत नाही.

दुसरी जागा रुग्णालयाची ओसरी. रक्तशुद्धीकरण, म्हणजे डायलिसिस, सहसा आठवड्यातून तीनदा आणि दर वेळी सुमारे चार तास चालते. रुग्ण आत असतो आणि सोबतचे माणूस बाहेरच्या बाकावर. वार ठरलेले असल्याने बाकावरची माणसेही ठरलेली असतात. ‘आम्ही मंगळवार-गुरुवार-शनिवारवाले’ अशी ओळख सांगतात आणि ती आडनावाइतकी पक्की असते. घरी कोकणी, वाचायला मराठी वर्तमानपत्र, डॉक्टरांशी दोन्हींची सरमिसळ. बाकावर हे सगळे एकत्र नांदते. काणकोणची ख्रिस्ती आजी आणि केरीची धनगर सून वर्षभर शेजारी बसली की एकमेकींच्या घरची क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीची) आकडेवारी दोघींना पाठ होते.

अशाच एका बाकावर पाहिलेला प्रसंग. पहिल्यांदाच आलेली एक तरुण बाई नवऱ्यासाठी दोन शहाळी घेऊन आली होती. आजाऱ्याला शहाळे न्यावे, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेले. बाजूच्या वयस्क बाईंनी तिला हळूच बाजूला घेतले आणि म्हणाल्या, ‘वैनी, हे त्यांना नको. आपण दोघी पिऊया.’ मग पिता पिता सारे समजावले. मूत्रपिंड चालत नसेल तर शहाळ्यातले पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी टाकून द्यायचे. दिवसभराचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचे, तहान अनावर झाली तर बर्फाचा तुकडा जिभेवर द्यायचा. आहारतज्ज्ञही हेच सांगतात, छापील कागदही देतात. पण ती बाई त्या दिवशी कागद वाचण्याच्या स्थितीत नव्हती. शहाळ्याचे पाणी तिच्या स्वतःच्या पोटात गेले, हे मला त्या सल्ल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. सकाळपासून तिने काही घेतलेले नव्हते.

बाकावर कागदपत्रांचेही ज्ञान फिरते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचारखर्चाचे संरक्षण मिळते, हे जाहिरातीतून कळते. कार्डाचे नूतनीकरण कधी करावे, कुठल्या खिडकीवर सकाळी लवकर जावे, कोणत्या कागदाच्या दोन प्रती जास्तीच्या ठेवाव्यात, हे आधी ठेचकाळलेल्या माणसाकडूनच कळते. एकाच दिशेच्या दोन गावांचे रुग्ण एका गाडीत आणणे, भाडे वाटून घेणे, परतीची शेवटची कदंब बस चुकली तर कोणाच्या तरी घरी रात्र काढणे, हेही बाकावरच ठरते.

विस्मरणाच्या आजारात, म्हणजे डिमेन्शियात, आधाराचे वर्तुळ आणखी रुंदावते. आजी ‘माहेरी जाते’ म्हणून भर दुपारी निघते. वाटेत भाट (माडांची बाग), तळी, उघडी विहीर. अशा वेळी गाड्यावरचा चहावाला, देवळातले भटजी, नाक्यावरचे मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने माणसे नेणारे, हेच खरे राखणदार ठरतात. आजीच्या पदराच्या आतल्या टोकाला फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवण्याची युक्ती एका घरातून दुसऱ्या घरात गेली आहे. आणखी एक गोष्ट हीच माणसे एकमेकांना शिकवतात : तिला ‘तुझे माहेर कधीच मोडले’ असे सांगू नये; ‘जाऊया हं, आधी चहा घे’ म्हणावे. रोज तेच उत्तर देणाऱ्या सुनेला कधीतरी किंचाळावेसे वाटते. तिने ते कोणाजवळ तरी कबूल करावे आणि ऐकणाऱ्याने दचकू नये, एवढ्यानेही तिचा दिवस पार पडतो.

या क्षेत्रात गोव्याने जगाला दाखवण्याजोगे काम केले आहे. विस्मरणग्रस्तांच्या कुटुंबांना घरी जाऊन साहाय्य देण्याचा एक यादृच्छिक चाचणी-प्रयोग (साहाय्य कोणाला आधी द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेली तुलना) इथे झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबे त्यात होती. घरोघर जाणाऱ्या व्यक्ती डॉक्टर वा परिचारिका नव्हत्या. स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या गृहसल्लागार होत्या आणि त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ होते. सहा महिन्यांनंतर काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य सुधारल्याचे आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा त्यांचा त्रास कमी झाल्याचे दिसले. रुग्णाच्या स्वतःच्या लक्षणांत तेवढा ठळक फरक पडला नाही. म्हणजे आजार होता तिथेच राहिला आणि तो सोसणारे माणूस सावरले. वाड्यातली शेजारीण पिढ्यान्‌पिढ्या जे करत आली, त्याला इथे मोजमाप मिळाले.

शुश्रूषा करणाऱ्याचा ताण बहुधा ताण म्हणून सांगितला जात नाही. आरोग्यकेंद्रात बाई येते ती डोके जड, पाठ भरून आली, झोप नाही, अंगात कणकण म्हणत. फार विचारले तर ‘टेन्शन’ हा शब्द येतो. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने ‘मानस’ या प्रकल्पात हेच ध्यानात घेतले. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्य व चिंतेच्या रुग्णांशी त्यांच्याच भाषेत बोलावे, जड लेबले लावू नयेत, अशी ती पद्धत होती. सरकारी आणि खासगी मिळून २४ दवाखान्यांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत त्याचा स्पष्ट उपयोग दिसला.

मानसिक आजार आणि दारू यांच्या बाबतीत वाड्याचा आधार पुष्कळदा तुटतो. मुलाला स्किझोफ्रेनिया असल्याचे कळले तर बहिणीचे लग्न अडेल, या भीतीने आई शेजारणीलाही दार पुरते उघडत नाही. मग कौल, गाऱ्हाणे, अंगारा होतो आणि उपचाराला दोन-तीन वर्षांचा उशीर. अशा घरांना परकी माणसे जवळची वाटतात. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर दोन तालुक्यांच्या दोन आया एकमेकींना गावाचे नाव न सांगता सगळे सांगतात. म्हापशाच्या ‘कूज’ या संस्थेने मानसिक आजारी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी वर्षानुवर्षे काम केले आहे. व्यसनी माणसासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा गोव्यात भरतात. त्याच्या कुटुंबीयांना एकमेकांचा आधार मिळावा म्हणून निघालेली अल-अनॉन ही चळवळ १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि नाव गुप्त ठेवणे हा तिचाही पाया आहे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सरकारी दूरध्वनी सेवा आहे. ती शुश्रूषा करणाऱ्यांनीही स्वतःसाठी वापरावी. फोन केवळ ‘पेशंटसाठी’ असतो, असा समज अजून घट्ट आहे.

कायद्याने काळजीवाहकाला ओळख दिली ती अलीकडे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये त्याची व्याख्या आहे. नातलग असो वा अन्य कोणी, मोबदला घेणारा असो वा न घेणारा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. कागदावरून घरापर्यंत यायला अशा गोष्टींना वेळ लागतो आणि आजारी माणसाजवळ तो वेळ नसतो.

या रीतीच्या मर्यादा गंभीर आहेत. बाकावरचा प्रत्येक सल्ला शहाळ्याच्या सल्ल्यासारखा अचूक नसतो; कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेले गावठी पाळेमूळ मूत्रपिंडाच्या रुग्णाला थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकते. पाळ्यांचा भार पुन्हा त्याच चार बायकांवर पडतो. पुरुष गाडी आणतात, पैसे भरतात, रात्रीचे औषध शोधून आणतात. विष्ठा-मूत्राच्या कामाला त्यांनी हात लावला तर अजूनही कौतुक होते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुराच्या कुटुंबाला तर वाडाच नसतो. त्यांच्यासाठी वॉर्डातली शेजारची खाट हाच शेजार.

अखेरच्या आजारात लोटलीच्या शांती आवेदना सदनासारखी, मरणासन्न रुग्णांची देखभाल करणारी मोजकी ठिकाणे सोडली तर बहुतेक मृत्यू घरी किंवा वॉर्डात होतात. त्यानंतरही बाकावरची ओळख सुटत नाही. बाराव्याला मंगळवार-गुरुवारवाली माणसे येतात. घरात उरलेल्या वस्तूंची वाटणी तेव्हाच बोलली जाते : हवेची गादी, कमोडची खुर्ची, न फोडलेली डायपरची पाकिटे, वॉकर. गादी पुढच्या घरी नेणारी बाई ती अंगणात पसरून डेटॉलच्या पाण्याने पुसून वाळवते, आणि देणारी तिला पंप कोणत्या बटनावर हळू चालतो, नळीचा कोणता सांधा सैल आहे आणि त्यावर चिकटपट्टी कशी गुंडाळायची ते दाखवते.