संसदेत चुकीचं उत्तर दिलं गेलं, तर 'हक्कभंगा'आधी काय जमवायचं?

समजा, लोकसभेतल्या उत्तरात झरी जामणी तालुक्यातल्या तुमच्या गावात घरोघरी नळजोडणी झाली असं छापून आलं आणि इकडे बाया अजून हापशीवर हंडे घेऊन उभ्या आहेत. पारावर लगेच निघतं, "मंत्र्यावर हक्कभंग लावा!" हक्कभंग म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग. पण गावकऱ्याला तो लावता येत नाही. हक्कभंगाची सूचना त्याच सभागृहाचा सदस्य देतो. लोकसभेतल्या विधानासाठी आमदाराकडे खेटे घालून उपयोग नाही, लोकसभेचा खासदारच लागतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातलं विधान असेल तर आमदार. जाहीर सभेत किंवा पत्रकारांपुढे मारलेल्या थापा यात बसतच नाहीत.

पहिला कागद मूळ उत्तराचा. संसदेच्या संकेतस्थळावरून ते उतरवून घ्या. प्रश्न क्रमांक, तारीख, तारांकित (तोंडी उत्तराचा) की अतारांकित (लेखी उत्तराचा), आणि चूक नेमकी कोणत्या भागात आहे (हिंदी प्रतीत क, ख, ग असे भाग असतात), हे सगळं टिपा. पेपरचं कात्रण चालत नाही.

दुसरा कागद जमिनीवरच्या स्थितीचा: ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, तारखेसह फोटो. बहुतेक प्रकरणं इथंच पडतात. उत्तरात 'जोडणी दिली' असतं आणि गाव पुरावा देतं 'पाणी येत नाही' याचा. तोटी भिंतीला लागलेली असेल, तर ती कोरडी असली तरी उत्तर शब्दशः खरंच ठरतं. शिवाय आकडे अमुक तारखेपर्यंतचे असतात, त्यामुळे ठरावातही त्याच तारखेची स्थिती यायला हवी.

तिसरा कागद सगळ्यात अवघड. नुसतं चुकीचं विधान हक्कभंग होत नाही. ते खोटं आहे हे माहीत असून दिशाभूल केली, असं दिसावं लागतं. म्हणून उत्तराच्या आधीच खरा अहवाल वर गेला होता हे दाखवणारं पत्र हवं, जावक क्रमांक आणि तारखेसह. ते माहिती अधिकारात मागा. राज्याच्या कार्यालयात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, मुदत ३० दिवस.

असं पत्र मिळालं नाही, तर खासदाराला लोकसभा अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली चूक निदर्शनास आणायला सांगा. त्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही, चुकीचा तपशील आणि पुरावा पुरतो. अध्यक्ष मंत्र्यांकडून वस्तुस्थिती मागवू शकतात. गावाला दुरुस्ती हवी असेल तर हाच रस्ता जवळचा.

पत्र हाती असेल तर लोकसभेच्या कामकाज नियमांतल्या नियम २२२ खाली हक्कभंगाची सूचना. ती बैठकीच्या दिवशी सकाळी १० च्या आत द्यावी लागते. विषय एकच, नेमका आणि अलीकडचा हवा. माहिती अधिकाराच्या ३० दिवसांत अधिवेशन उलटून जातं, म्हणून कागद हाती कधी आला ती तारीख सूचनेत लिहायला लावा. अध्यक्षांनी संमती दिली आणि सभागृहात कुणी हरकत घेतली, तर २५ सदस्यांना पाठिंब्यासाठी उभं राहावं लागतं. नियम २२७ नुसार अध्यक्ष स्वतःहूनही प्रकरण १५ सदस्यांच्या विशेषाधिकार समितीकडे पाठवू शकतात. समिती कागद आणि साक्षी तपासून अहवाल देते, शेवटचा निर्णय सभागृहाचा. ब्रिटनमध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावर संसदेची दिशाभूल केल्याबद्दल अशाच समितीने जून २०२३ मध्ये ठपका ठेवला, तोही ते खासदारकी सोडून गेल्यावर.

गावाच्या सह्यांनी जायचं असेल तर लोकसभेची याचिका समिती आहे. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठीत असेल तर सोबत सही केलेलं भाषांतर. प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. शेवटी नेमकी मागणी. खासदार मांडणार असतील तर त्यांची प्रतिस्वाक्षरी. आणि हो, या अर्जाला पत्रं, प्रतिज्ञापत्रं वा इतर कागद जोडायचे नसतात. वर जमवलेली फाईल खासदाराच्या हाती द्या, याचिकेला टाचू नका.

अर्जात 'खोटारडा' असला शब्द नको, 'उत्तराचा भाग ख वस्तुस्थितीशी जुळत नाही' एवढंच लिहा. सभागृहातल्या बोलण्याला खासदाराला राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ चं संरक्षण आहे, व्हॉट्सॲपवर लिहिणाऱ्या गावकऱ्याला नाही.