गोळी आली कुठून? नवीन प्लेयर आणि टीममेटचा एक शब्द

पहिल्यांदा टीमवाला शूटर गेम खेळलो तेव्हा पहिल्या पंधरा मिनिटांत सात-आठ वेळा तरी मेलो असेन आणि दरवेळी डोक्यात एकच प्रश्न, गोळी आली कुठून? तसं बघायला गेलं तर स्क्रीनवर सगळं होतं, कोपऱ्यात छोटा मॅप, खाली उरलेल्या गोळ्यांचा आकडा, हेल्थ, कोणी कोणाला मारलं त्याची पट्टी, पण मी आपला मधल्या क्रॉसहेअरकडे, म्हणजे नेम धरायच्या खुणेकडे, डोळे फाडून बघत बसलेलो. मग हेडफोनमधून कोणीतरी अनोळखी माणूस शांतपणे म्हणाला, "डावीकडे, जिन्यावर, एकच आहे." वळलो, दिसला, आणि पहिला किल मिळाला. आता माझा नेम काही त्या दोन सेकंदात सुधारला नव्हता. मग सुधारलं काय?

नवीन प्लेयर नेम कच्चा असल्यामुळे मरतो असं आपण सगळेच धरून चालतो, पण बऱ्याचदा तो मरतो कारण कुठे बघायचं तेच त्याला माहीत नसतं. याचं मूळ आहे कार्यकारी स्मृतीत, म्हणजे आत्ता या क्षणी डोक्यात धरून ठेवायची जी जागा असते ना, ती. जॉर्ज मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये या जागेत साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं होतं, पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. चार! आणि नवख्याच्या त्या चारही जागा आधीच भरलेल्या असतात, रीलोडचं, म्हणजे बंदुकीत गोळ्या भरायचं बटण कुठलं, वाकायचं कसं, ही बंदूक लांबवर लागते का, आणि आपला टीममेट निळा की हिरवा. शत्रूचा विचार करायला पाचवी जागा आणायची कुठून.

मुरलेल्या प्लेयरचा मेंदू काही मोठा नसतो. त्याने गोष्टींचे गठ्ठे बांधलेले असतात एवढंच. बुद्धिबळावरचा १९७३ चा विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा प्रयोग यासाठी फेमस आहे, खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला तर निष्णात खेळाडूला बऱ्याच सोंगट्यांच्या जागा आठवायच्या आणि नवख्याला मोजक्याच, पण सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की निष्णाताची हवाच गुल, तोही नवख्याच्याच पंक्तीत. म्हणजे त्याला एकेक सोंगटी दिसत नव्हती, ओळखीची मांडणी दिसत होती. गेममध्येही तेच, आपल्याला जिथे दार, खिडकी, पायऱ्या आणि चार खोकी दिसतात तिथे त्याला "इथून कोणीतरी डोकावणार" असा एकच गठ्ठा दिसतो.

आणि इथेच बोलण्याची खरी गंमत आहे. असे गठ्ठे बांधायला कित्येक मॅच जाव्या लागतात, पण टीममेटने "जिन्यावर एकच" म्हटलं की त्याचा तयार गठ्ठा फुकटात आपल्या डोक्यात येऊन पडतो, आणि तोही कानातून. हे महत्त्वाचं आहे, कारण डोळे आधीच कामात बुडालेले असतात पण कानाच्या वाटेवर त्यामानाने गर्दी कमी. टाइप करून पाठवलेला मेसेज कितीही चांगला असला तरी तो वाचायला नजर हलवावी लागते, आणि लिहिणाऱ्याचा हात बटणांवरून सुटतो तो वेगळाच. ऐन मारामारीत चॅटमध्ये निबंध लिहिणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार.

पण नुसतं बोलून भागत नाही, शब्द दोघांच्या ओळखीचा लागतो. १९८६ मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि डिआना विल्क्स-गिब्स यांनी जोड्या करून लोकांना टॅनग्रामच्या, म्हणजे त्रिकोण-चौकोनी तुकडे जोडून केलेल्या विचित्र आकृत्या एकमेकांना वर्णन करून ओळखायला लावल्या. पहिल्या फेरीत एकेका आकृतीला सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत फक्त ८. सुरुवातीला "हा माणूस बर्फावर स्केटिंग करतोय असं वाटतं, पण त्याने हात पुढे काढलेत" असं लांबलचक, आणि शेवटी नुसतं "स्केटर". काउंटर-स्ट्राइक या शूटर गेममधल्या डस्ट टू या मॅपवर लाँग, मिड, टनल, पिट ही जी नावं चालतात ती अशीच, वर्षानुवर्षं खेळून खेळून घासून गुळगुळीत झालेली. घोळ असा की टीम ८ शब्दांवर पोचलेली असते आणि नवीन माणूस अजून ४१ वरच असतो. मला एकाने ओरडून सांगितलं "कॅटवर दोन" आणि मी खरंच क्षणभर मांजर शोधत होतो. कॅट म्हणजे कॅटवॉक, उंचावरची अरुंद वाट, हे कळायला आणखी दोन मरणं लागली.

म्हणून मला पिंगची आयडिया फार आवडते. २०१९ मध्ये आलेल्या एपेक्स लेजेंड्स या गेमने हे इतकं नीट बसवलं की माईक बंद ठेवून अनोळखी माणसांबरोबर खेळता येऊ लागलं, एक बटण दाबलं की जागेवर खूण उमटते आणि आपलं कॅरेक्टरच बोलून सांगतं की इथे शत्रू आहे किंवा इथे अमुक सामान पडलंय. भाषा वेगळी असली, बोलायची लाज वाटत असली, तरी अडत नाही. विचार केला तर ही फार जुनी पद्धत आहे, लहान मूल सुद्धा नीट बोलायला लागायच्या आधी बोट दाखवायला लागतं. पिंग म्हणजे गेममधलं बोट.

आता उलटी बाजू. जास्त बोलणारी टीम जास्त चांगली असं अजिबात नाही. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडली आणि एकाच कानातलं मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं, तर दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते जवळजवळ काहीच सांगता येईना, मधेच भाषा बदलली तरी पत्ता नाही. मग तिघं एकदम बोलायला लागल्यावर नवख्याचं काय होत असेल बघा, त्यात कान पावलांच्या आवाजाकडे लावायचा असतो तो वेगळाच. सगळ्यात वैताग म्हणजे स्वतः मरून दुसऱ्याच्या स्क्रीनवरून रनिंग कॉमेंट्री करणारे.

त्यातून शिव्या घालणारे असतील तर विषयच संपला, आणि हे नुसतं मन दुखण्याचं प्रकरण नाहीये. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की कोणी बघत असलं की सरावाचं काम जास्त चांगलं होतं आणि नवं, अवघड काम बिघडतं. १९६९ मध्ये त्यांनी हे चक्क झुरळांवर करून बघितलं, प्रकाशापासून पळणारी झुरळं सरळ वाटेवर बाकीची झुरळं बघत असताना जोरात पळाली आणि वळणाच्या वाटेवर हळू झाली. म्हणजे नुसतं बघणाऱ्यांनी झुरळाचा घोळ होतो, इथे तर चार जण कानात ओरडतायत, आणि वरून अपेक्षा की पोराचा नेम सुधारावा.

चांगली टीम याच्या उलट करते, नवख्याचं काम बारीक करून देते. "तू फक्त हे दार बघ, कोणी आलं की सांग, मारलं नाहीस तरी चालेल." बस. बाकी मॅप कोण बघतंय, ग्रेनेड कोणाकडे आहेत, हे लक्षात ठेवायला दुसरे आहेत. डॅनियल वेग्नर यांनी १९८० च्या दशकात याला नावही दिलं होतं, आपण त्याला वाटून घेतलेली स्मृती म्हणू, कुठली गोष्ट कोणाच्या डोक्यात आहे एवढं माहीत असलं की ती सगळ्यांनी पाठ करायची गरज उरत नाही. त्या चार जागांपैकी दोन-तीन मोकळ्या होतात आणि तेवढ्यात माणूस शिकायला लागतो.

हे सगळं कळूनसुद्धा शिकवणारे चुकतात, मी पण. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये काही जणांना ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर वाजवायला लावली, वाजवणाऱ्यांना वाटलं ऐकणारे निम्मी तरी ओळखतील, ओळखली गेली १२० पैकी ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं पूर्ण चालू असतं ना, समोरच्याला नुसती टकटक. मध्ये एक नवीन मुलगा आमच्यात खेळायला आला होता, मी त्याला अगदी वेळेत, शांतपणे, मोजून दोन शब्दांत सांगितलं, "कॅटवर एक." तो जागच्या जागी गोल फिरला, मेला, आणि माईकवर हळूच विचारलं, "दादा, कॅट म्हणजे?"