काटा मध्यावर, तापमान किती?

मे महिन्यातली दुपार, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि समोर कसारा घाट. ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढताना चालवणारा अधूनमधून डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडे बघतो. काटा पायथ्याशी होता तिथेच, बरोबर मधोमध. गाडी तापलेली नाही, असं समजून तो निर्धास्त होतो. खरं तर पायथ्याशी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ८८ अंश सेल्सिअसवर असेल आणि आता १०६ वर. मधल्या १८ अंशांबद्दल काट्याने चकार शब्द काढलेला नाही. तो बिघडलेला नाही. त्याला तसंच शिकवलेलं आहे.

जुन्या गाड्यांत सेन्सरची तार थेट मीटरला जायची. घाटात काटा चढायचा, उतारावर खाली यायचा. आता सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला म्हणजे ईसीयूला सांगतो, ईसीयू डॅशबोर्डला, आणि तिथली छोटी मोटर काटा फिरवते. मध्ये सॉफ्टवेअर आलं, की काट्याने किती खरं बोलायचं हे कंपनी ठरवते. बऱ्याच गाड्यांत साधारण ७५ ते ११० अंशांपर्यंत काटा एकाच जागी धरून ठेवलेला असतो. त्यापुढे तो झपाट्याने लाल पट्ट्याकडे जातो. आकडे गाडीगणिक बदलतात, युक्ती तीच. काटा जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटर गाठतं, ते टाळायचं असतं. कित्येक छोट्या गाड्यांत तर काटाच उरलेला नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा, फार तापलं की लाल, आणि मधे नुसता अंधार.

या साखळीतला सगळ्यात गमतीचा भाग म्हणजे सेन्सर. पितळी बोल्टएवढी ही वस्तू थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झालं की कूलंटला रेडिएटरकडे वाट उघडून देणाऱ्या झडपेच्या) आसपास, टोक कूलंटमध्ये बुडेल अशी बसवलेली असते. आत थर्मिस्टर असतो, म्हणजे मँगनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडचा भाजलेला मणी. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, हे शाळेत शिकलेलं असतं. इथे उलट घडतं. ऑक्साइडमध्ये वीज वाहणारे कण थंडीत जागेवर अडकलेले असतात आणि उष्णता मिळाली की सुटतात, त्यामुळे तापमान वाढेल तसा रोध कोसळतो. नेहमीच्या एका प्रकारच्या सेन्सरचे आकडे बघा: २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ६० ला ६००, ८० ला ३२०, १०० ला १८७, ११० ला १४४. सुरुवातीला मोठमोठ्या उड्या, आणि जिथे खरी गरज तिथे चिमूटभर फरक.

ईसीयू रोध थेट मोजत नाही. ५ व्होल्टचा पुरवठा स्वतःजवळच्या एका ठरावीक रोधातून सेन्सरला देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडले ते बघतो. हा रोध २२०० ओहम धरला, तर ८० अंशांना ०.६३ व्होल्ट येतात, १०० ला ०.३९ आणि ११० ला ०.३१. शेवटच्या दहा अंशांचा फरक फक्त ०.०८ व्होल्टचा. आता सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी जाऊन हिरवट गंज चढला आणि त्याने ५० ओहमची भर घातली, असं समजा. १०० अंशांना १८७ ऐवजी २३७ ओहम दिसतील, आणि ईसीयू मानेल की कूलंट ९१ अंशांवर आहे. फॅन उशिरा सुरू होईल, काटा निवांत राहील. रोध वाढवणाऱ्या गंजाची चूक 'थंड आहे' याच बाजूला पडते. तार पूर्ण तुटली तर मात्र उणे ४० दिसतं. ते अशक्य असल्याने ईसीयू बहुधा फॅन सतत चालू ठेवतो आणि चेक इंजिनचा दिवा लावतो.

मग १०६ अंश धोक्याचे की नाहीत? उत्तर काट्यात नाही, रेडिएटरच्या झाकणात आहे. हे झाकण यंत्रणेत साधारण ०.९ ते १.१ बार जादा दाब धरून ठेवतं. निम्मं ग्लायकॉल (कूलंट म्हणून विकत मिळतं त्यातलं मुख्य रसायन), निम्मं पाणी आणि धड झाकण असेल, तर उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या आसपास जातो आणि १०६ ला घाबरायचं कारण नाही. पण कोणी वर्षभर नळाचं पाणी ओतत आलं असेल आणि झाकणाचं रबर कडक होऊन दाब सुटत असेल, तर? इगतपुरीच्या उंचीवर, साधारण ६०० मीटरवर, साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. सिलिंडर हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्हपाशी वाफेचे खिसे तयार होतात, तिथलं ॲल्युमिनियम वाकतं, हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी चकती, उडतं. ही उकळी फुटते तेव्हाही काटा मध्यावरच असू शकतो. होज (रबरी नळी) फुटून कूलंट वाहून गेलं तर आणखी वाईट: सेन्सरचं टोक उघडं पडतं, त्याला हवा लागते, आणि काटा चक्क खाली येतो. चालत्या गाडीत काटा एकदम उतरला तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घ्या.

खरा आकडा बघायचा तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे ईसीयूकडची माहिती वाचायच्या सॉकेटला, ब्लूटूथचा छोटा डोंगल लावून मोबाइलवर बघता येतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत हे जमतं. सपाट रस्त्यावर ८५ ते ९५ दिसावेत. सिग्नलला ९५-१०० च्या पुढे फॅन सुरू होऊन आकडा परत उतरावा. ११० पार करून चढतच राहिला तर थांबा. अर्थात गंजलेला कनेक्टर डोंगललाही तीच थाप मारतो. शंका असेल तर सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं, मुंबईत १०० ला, एवढं लक्षात ठेवा.

'आपल्याकडे थंडी कुठे? थर्मोस्टॅट काढून टाका' हा गॅरेजमधला सल्ला बंपरला लिंबू-मिरची बांधण्याच्या पंक्तीतला. लिंबू-मिरची निदान इंजिनाला अपाय करत नाही. बऱ्याच थर्मोस्टॅटांना दुसरी चकती असते आणि इंजिन गरम झालं की ती बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर गरम कूलंट रेडिएटर टाळून इंजिनातच घुमत राहतं. सपाट रस्त्यावर इंजिन कोमट, मायलेज कमी, आणि चढावर पुन्हा तापलेलं.

काटा खरोखरच लाल पट्ट्याकडे निघाला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. मग गाडी थांबवून इंजिन बंद करा. झाकणाला पाऊण तास तरी हात लावू नका. दाबाखाली ११५ अंशांवर असलेलं ५ लिटर पाणी दाब सुटताच १०० वर येतं, आणि त्या १५ अंशांच्या उष्णतेने सुमारे १४० मिली पाण्याची वाफ होते. वाफेचं आकारमान होतं २३० लिटरच्या घरात, म्हणजे मोठ्या पिंपाएवढं, आणि बाहेर पडायला वाट फक्त तळहाताखालची.

गार झाल्यावर भरताना पाणी शक्यतो डिस्टिल्ड घ्या. आधी इंजिन बंद ठेवूनच बारीक धारेने भरा. मग झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखा, आणि झाकण लावून हीटर गरमवर ठेवा. काटा मध्यावर आला आणि हीटरचा झोत तरीही थंडच असेल, तर आत हवा अडकलेली आहे. ती निघेपर्यंत गाडी घाटात घालू नका.